चोवीस सुकेळी आणि कडब्याची गाठ

सुरुवातीलाच सांगतो, मी एकच सुकेळं खाल्लं. पुढे वाचताना हा आकडा जरा इकडेतिकडे होईल, त्याचा कोणी बाऊ करू नये.

आमच्या आळीत मला कोणी खोटारडा म्हणत नाही. "वाढवून सांगतो," एवढंच म्हणतात. एकदा आमच्या बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, मी एक मरळ मासा काढला. तो बाहेर आला आणि तळ्याचं पाणी वीतभर खाली गेलं. हे मी शपथेवर सांगतो. माझी बायको शपथेवर सांगते, की तो मासा नव्हता, शेजाऱ्यांची हरवलेली घागर होती. दोन्ही शपथा आमच्या घरात गेली तीस वर्षं सुखाने नांदतायत.

ज्यांना सुकेळं माहीत नाही त्यांची मला कीव येते, पण सांगायला हवं. आमच्या वाडीत राजेळी केळी होतात. ती नीट पिकवायची, सोलायची, आणि आठवडाभर उन्हात मांडायची. संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठ दिवसांनी केळं बोटभर उरतं आणि त्याला मधाचा रंग येतो. साखर नाही, तूप नाही, काही नाही. फक्त ऊन आणि हात. त्यातलं ऊन सगळ्या वसईला सारखंच मिळतं, म्हणून सुकेळं चांगलं झालं की श्रेय हाताला आणि बिघडलं की दोषही हाताला.

आणि त्या हाताचा निकाल देणारी व्यक्ती एकच, माझी आगाशीची आत्या. ती आपलं वय नव्वद सांगते, पण नव्वद ती गेली दहा वर्षं सांगतेय. आमच्या घरात नवी सून आली, की तिने केलेली पहिली सुकेळी आत्याकडे न्यायची. आत्या एक तुकडा तोंडात टाकते, डोळे मिटते, आणि दोनपैकी एक वाक्य बोलते. "हात बसला." किंवा, "हात बसायचाय." दुसरं वाक्य आलं, की त्या बाईने पुढचं वर्षभर नुसती केळी सोलायची. उन्हात मांडायची नाहीत, पानात बांधायची नाहीत. माझ्या बायकोला चाळीस वर्षांपूर्वी दुसरं वाक्य मिळालं होतं. ती आत्याच्या पाया पडते, तिची औषधं आणते, तिच्यासाठी मऊ भात करून नेते. पण ते वाक्य तिने माफ केलेलं नाही.

यंदा पाळी आमच्या सुनेची होती.

सून कऱ्हाडकडची. काळ्या मातीतली, ज्वारीच्या मुलखातली. केळीचं झाड तिने लग्नाच्या मांडवाला बांधलेलंच काय ते पाहिलेलं. नोकरी मात्र अशी, की ऐकणारा दोन पावलं मागे सरकतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तू जिथे तपासतात, त्या प्रयोगशाळेत ती आहे. कपबशी, चाकू, कंगवा, दाराची कडी, जे येईल त्यावर कोणाचा डीएनए आहे ते शोधते. माझा मुलगा त्या दिवसांत कामासाठी बंगळुरूला होता. घरी असता तरी त्याने मोबाईलमधून मान वर केली नसती, म्हणून त्याचा उल्लेख इथेच संपवतो.

सुनेने सुकेळ्यांसाठी आठ दिवसांची रजा काढली. लोक महाबळेश्वरला जायला रजा काढतात, हिने केळ्यांसाठी काढली. सकाळी सहाला अंगणात हजर. ढग आला की धावत बाहेर. मुंगीला तर तिने अशी नजर दिली, की मुंग्या कुंपणापलीकडून वळसा घालून जायला लागल्या. हे मी पाहिलंय.

शेवटच्या दिवशी ती बारा-बारा सुकेळ्यांच्या दोन जुड्या बांधत होती. आम्ही जुडी सुक्या पानात गुंडाळतो आणि वरून केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीची, दोरी बांधतो. बायको शेजारी बसून बघत होती. बघत होती म्हणजे काय, परीक्षा घेत होती.

"ही कसली गं गाठ?"

"आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्या अशा बांधतात, आई. सुटत नाही."

"हे सुकेळं आहे. म्हशीला घालायचंय का?"

सून हसली, पण गाठ तीच ठेवली. मला ते आवडलं. दोन्ही जुड्या एका पत्र्याच्या डब्यात गेल्या. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावर घोडागाडीचं चित्र. डबा कपाटावर गेला. हा सोमवार. आत्याकडे जायचं ते रविवारी.

आता माझी बाजू ऐका. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलं. डॉक्टरांचं काय, ते पंधरा मिनिटं बोलतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. पण बायकोने ते मनावर घेतलं. माझ्या चहातली साखर गेली, सणाला माझ्या पानातली खीर गेली. सत्यनारायणाचा प्रसाद मला तीळभर मिळतो, तोही देवाची समजूत काढून. अशा माणसाच्या डोक्यावर कोणी चोवीस सुकेळी ठेवतं का? बायको रोज दुपारी दोन ते साडेतीन झोपते. त्या दीड तासात घरभर तो वास. डबा बंद होता हे मान्य. पण मला तो वास भिंतीतून येत होता.

सोमवारी मी एक खाल्लं. बरं, दोन.

सुनेची गाठ खरंच सुटत नव्हती. नखांनी प्रयत्न केला, दातांनी चावलं, दात हलला पण गाठ हलली नाही. शेवटी मी दोरी तशीच कडेकडेने सरकवत जुडीवरून काढून घेतली. आणि मग माझी सवय. मी दोरी टाकत नाही. सुतळी असो, राखीचा दोरा असो, मिठाईच्या खोक्याची रंगीत फीत असो, सगळं गुंडाळून एका गोळ्यात जातं. तो गोळा आता न सोललेल्या नारळाएवढा झालाय. बायकोचं म्हणणं आहे, की माझ्या चितेला लाकडं नकोत, तो गोळा पुरेल. त्या दुपारी हात आपोआप गोळ्याकडे गेला.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी काय झालं ते सांगत बसत नाही. गुरुवारी दुपारी डब्यात दोन सुकी पानं उरली होती आणि मी डब्याचं झाकण घट्ट लावत होतो.

त्याच संध्याकाळी जेवताना बायको मला ओरडली. मी माझ्या जेवणाच्या हाताने आमटीची पळी धरली होती. उष्ट्या-खरकट्याचं तिच्याइतकं कोणी मानत नसेल. तिच्या स्वयंपाकघरात पळ्यांना हद्द आहे.

"आई, आमच्या प्रयोगशाळेत पण सगळे उष्टं मानतात," सून म्हणाली.

बायकोने ताट बाजूला सरकवलं. "सांग, सांग यांना."

"म्हणजे बघा, चार जणांनी ही पळी धरली, की चौघंही थोडे थोडे पळीवर राहतात. कातडीचे बारीक कण असतात, कोणाचे जास्त गळतात, कोणाचे कमी. आणि पाचवाही राहू शकतो."

"पाचवा कुठून आला?" मी विचारलं.

"त्याने पळीला हातच लावलेला नाही. त्याने फक्त आईंच्या हातात हात दिला, मग आईंनी पळी धरली. आईंच्या हाताबरोबर तोही पळीवर आला."

"मी तीस वर्षं हेच ओरडतेय!" बायको म्हणाली. तिला एवढं खूश मी मुलाच्या बारावीच्या निकालाला पाहिलं होतं.

"पण ते लगेच जात असेल ना?" मी विचारलं. अगदी सहज. भाकरीचा तुकडा मोडत.

"वस्तूवर असतं, बाबा. वाडीतला कोयता उन्हापावसात पडला, तर खराब होतं. पण कोरडी, अंधारी जागा असेल, बंद डबा वगैरे, तर खूप दिवस टिकतं."

बंद डबा वगैरे! तिला सगळ्या जगात दुसरं उदाहरण सापडलं नाही. भाकरी माझ्या घशात अशी अडकली, की मला भाकरीचाच डीएनए कळायला लागला.

"आणि पुसलं तर?"

"कमी होईल. जाईलच असं नाही. थुंकी लागली असेल तर आणखी कठीण, तिच्यात भरपूर असतो."

"मग तुम्हाला चोर सोपाच झाला."

"कुठला सोपा! बस-स्टॉपची दांडी, बँकेतलं पेन, अशा वस्तू आल्या की आम्ही कपाळाला हात लावतो. वीस-पंचवीस जणांचं एकमेकांत मिसळलेलं असतं. मग कोण कोण आहे ते वेगळं काढणंच जमत नाही. आम्ही तसं लिहून देतो आणि हात वर करतो."

माझ्या आयुष्यात फार कमी वेळा मला कोणी एवढं उपयोगी वाक्य दिलंय. मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

शुक्रवारी सून कामावर गेली, बायको भजनाला गेली, आणि मी डबा काखेत मारून निघालो.

पहिलं गिऱ्हाईक कुंपणापलीकडचं. माझा मित्र, पलीकडच्या वाडीचा मालक. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आणि माझ्या पापांसाठीही प्रार्थना करतो, असं तो म्हणतो. आमच्या दोघांच्या वाड्यांमध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि त्याला एक भोक आहे. ते लहानपणी आम्ही पाडलं, आता ते आमच्या पोटांच्या मापाने वाढत गेलंय. आम्ही दोघं आपापसात आमच्या घरच्या बोलीत बोलतो, ती इथे लिहिली तर अर्ध्यांना कळणार नाही आणि उरलेल्यांना राग येईल.

"हा डबा धर," मी म्हटलं. "दोन्ही तळव्यांत. गुडघेदुखी जाते."

"कशाने?"

"माझ्या पणजोबांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाच्या कप्तानाने दिला. त्या जहाजाच्या पत्र्याचा आहे. पत्र्यात चुंबक आहे."

त्याने डबा उलटा करून पाहिला. "तुझ्या पणजोबाच्या काळात बारकोड होता का रे?"

पण धरला. शंभर आकडे मोजेपर्यंत धरला. गुडघे त्याचेही दुखतात आणि फुकट उपचार कोण सोडतो?

मग दारावर कोळीण आली. टोपली खाली ठेवून म्हणाली, "दादा, माजे हात मासलीचे हायेत."

"असू देत गं, तुझे तर हवेतच."

मग नारळ उतरवणारा आला. मग बोळिंजच्या टॉवरमधल्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान निवृत्त झालेत आणि दोघं दर शुक्रवारी आमच्याकडे जास्वंद आणि शहाळी घ्यायला येतात. त्या दिवशी यजमान गाडीतच बसले होते, बाईंनी डबा धरला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, "अहो, हलकं वाटतंय!" हे त्यांनी त्यांच्या व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं असावं. कारण दुपारपर्यंत वाडीच्या फाटकाशी रांग लागली. माझ्या अंदाजाने दोनशे माणसं. मित्र म्हणतो सतरा. मित्राचं गणित शाळेपासून कच्चं.

संध्याकाळी डबा कपाटावर परत. मी एवढा निर्धास्त झोपलो, की म्हणे घोरण्याने पपईच्या झाडावरचं घुबड उडालं.

शनिवारी सकाळी बायकोने डबा खाली काढला. उद्या न्यायचा, म्हणून नवीन फडक्यात बांधायला.

"याला बोंबलाचा वास कसा येतोय?"

आणि तिने झाकण उघडलं.

त्यानंतर जे झालं, ते माझ्या हिशोबात नव्हतं. मी धरून चाललो होतो, की चोर कोण यावर आरडाओरडा होईल, उंदीर, माकड, गेलाबाजार मित्र, यांच्यावर संशय जाईल. पण बायको ओरडलीच नाही. तिने ती दोन रिकामी पानं पाहिली, मग सुनेकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काळी पडली होती का गं?"

"काय, आई?"

"अगं, होतं असं. माझीही पहिल्या वर्षी बिघडली होती. सांगायचंस मला. अशी गुपचूप टाकून कशाला द्यायची?"

"मी टाकली नाहीत."

"बरं."

आमच्या घरात 'बरं' म्हणजे खटला संपला. सुनेने आठ दिवस उन्हात काढले होते, तिच्या नाकाचं कातडं निघालं होतं. आणि आता उद्या आत्यासमोर रिकाम्या हाताने जायचं, आणि तिथे सांगायचं काय? तर सुकेळी बिघडली, म्हणून फेकली. म्हणजे हात तर बसला नाहीच, वर हात लपवला. आमच्या वाड्यांमध्ये ही गोष्ट तिच्या नातवंडांपर्यंत चालली असती. ती मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. कप तिच्या हातात होता, अर्धा चहा पिऊन तसाच धरलेला.

आणि त्या सगळ्या प्रकरणात एकच माणूस होता ज्याला पक्कं ठाऊक होतं, की ती सुकेळी अजिबात काळी नव्हती. त्याच्याइतक्या बारकाईने ती कोणी तपासलीच नव्हती.

मी पंख्याकडे बघत बसलो. पंख्याला तीन पाती असतात, हे मी त्या दिवशी नीट मोजलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. टॉवरमधल्या बाई. सोबत त्यांचे यजमान, एक हात कमरेवर.

"तो गुडघ्याचा डबा आहे ना हो? काल हे गाडीतच बसून राहिले. यांना एकदा धरायचाय."

बायकोने डब्याकडे पाहिलं, डब्याने बहुतेक माझ्याकडे. सून ओट्यावरून आत आली. तिचे डोळे लाल होते, पण आता त्यांत प्रयोगशाळा उतरली होती.

"बाबा, हा डबा किती जणांना धरायला दिलात?"

"दोन-चार."

"दोन-चार काय," बाई म्हणाल्या, "काल फाटकापर्यंत रांग होती!"

यजमानांनी डबा धरला, शंभरापर्यंत मोजलं, कंबर हलवून पाहिली, आणि दोघं गेली.

"आता कळलं," बायको म्हणाली. "परवा ही डीएनएचं बोलली, आणि तुम्ही काल गाव गोळा करून डब्याला हात लावायला लावला. हिचा पुरावा पुसायला! तुम्हाला माहीत होतं हिने टाकली ते. अहो, सुनेला सांभाळायचं तर सरळ सांगायचं ना मला. मी काय खाणार होते तिला?"

म्हणजे बघा. मी केलेल्या उपद्व्यापाने सून आणखी खोल गेली.

"मी खाल्ली," मी म्हणालो.

"काय?"

"सुकेळी. मी खाल्ली."

"किती?"

"चोवीस."

बायको हसली. मनापासून हसली. चाळीस वर्षांत मी तिला रंगवून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्या हसण्यात होत्या. "मरळ मासा, कप्तानाचं जहाज, आणि आता चोवीस सुकेळी. पुरे आता."

कुंपणाच्या भोकातून मित्राचं डोकं आलं होतं. त्याला आमच्या घरातलं भांडण नेहमी सुरुवातीपासून ऐकायला मिळतं. "वहिनी, एक खाल्लं म्हणाला असता, तर मी पण विश्वास ठेवला असता."

"साखर तपासा माझी!" मी बोट पुढे केलं. बायकोने यंत्र आणलं, बोट टोचलं, आकडा पाहिला आणि म्हणाली, "दर शनिवारी एवढीच येते. आठवडाभर पेरू चोरता ते काय मला माहीत नाही?"

मी सुनेकडे वळलो. "तू तरी. डब्यावर माझा डीएनए असेलच की!"

"असेल ना, बाबा. डबा आपल्याच घरातला. तुमचा, आईंचा, माझा, सगळ्यांचा असणारच. आपल्या घरच्या वस्तूवर आपण सापडलो, तर त्यात काय सिद्ध होतं? आणि हात कधी लावला, सोमवारी का दिवाळीत, ते डीएनए सांगत नाही."

"म्हणजे मी दोनशे लोकांना उगाच...?"

"सतरा," कुंपण म्हणालं.

"उगाच," सून म्हणाली. "काही केलं नसतंत, तरी चाललं असतं."

मी खुर्चीत बसलो. खोटं बोलून अडचणीत येणं मला नवीन नाही, त्यातून मी पोहत बाहेर येतो. पण खरं बोलून कोणी ऐकत नाही, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यात पोहायचं कसं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. सून पुन्हा मागच्या ओट्याकडे निघाली. जाताना तिने ती दोन सुकी पानं उचलली आणि म्हणाली, "दोऱ्या कुठे गेल्या यांच्या?"

दोऱ्या!

मी उठलो तो असा, की खुर्ची मागे उलटली. कॉटखालून माझा गोळा ओढून आणला. वरचे चार वेढे सोडले. पतंगाचा मांजा, मग साडीच्या दुकानातली एक फीत, आणि त्याखाली केळीच्या सोपटाच्या दोन दोऱ्या. दोन्हींच्या गाठी जशाच्या तशा. एकीवर दातांच्या खुणा.

सुनेने हात लावला नाही. चूल पेटवायचा चिमटा आणून दोरी उचलली आणि उजेडात धरली. "इथे चावलंत?"

"दात हलला माझा."

"मग हे चालेल," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "इथे लाळ आहे. डबा राहू दे, ही दोरी नेली असती तर तुम्ही सुटला नसतात, बाबा."

पण न्यायची गरजच पडली नाही. बायकोने चष्मा लावला होता. ती डीएनए बघत नव्हती, गाठ बघत होती. सबंध वसईत तशी गाठ कोणी मारत नाही. मारली असती तर माझ्या बायकोने ऐकवलं असतं.

"कडब्याची," ती म्हणाली. मग मला, "चोवीस?"

"चार दुपारी. रोज सहा."

"काळी होती?"

"अगं, मध होता मध! वरून जरा कडक, आत दातांना चिकटणारी, आणि शेवटी अशी हलकी आंबट चव, की पुढचं घ्यावंच लागतं. तुला सांगतो, चौथ्या दिवशी शेवटचं खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

या वेळी ती हसली नाही. ती सुनेला काही म्हणाली नाही, 'चुकलं' वगैरे आमच्या घरात कोणी म्हणत नाही. तिने सुनेचा ओट्यावर राहिलेला कप उचलला. चहा गार झालेला, अर्धा प्यालेला. आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. चाळीस वर्षांत तिने माझा उष्टा कप कधी ओठाला लावला नाही. एकदा तापात मी तिच्या पेल्यातून पाणी प्यालो, तर पेला आठवडाभर उन्हात उपडा होता. मी डोळे चोळून पाहिलं. सुनेनेही पाहिलं. बायको कप विसळायला गेली आणि तिथून ओरडली, "आता बघत काय बसलात? उद्या आत्याबाईंना काय तोंड दाखवणार ते ठरवा!"

रविवारी आम्ही तिघं आगाशीला गेलो. डबा घेऊन. डब्यात दोन पानं आणि दोन दोऱ्या.

आत्याने डबा उघडला, आत पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "कोणी खाल्ली?"

"मी," मी म्हटलं. वाढवायला काही उरलंच नव्हतं.

"किती?"

"चोवीस."

"पहिलं खाल्लंस. मग दुसरं का खाल्लंस, मेल्या?"

"राहवलं नाही, आत्या."

"आणि चोविसावं?"

"तेव्हा तर अजिबात नाही."

आत्याने एक पान नाकाशी धरलं. डोळे मिटले. आमच्या घरातल्या सगळ्या सुना याच खुर्चीसमोर याच चटईवर बसल्या होत्या, पण रिकाम्या पानावर निकाल मागायला आलेली ही पहिलीच.

"साखरेचा माणूस," आत्या म्हणाली, "बायकोच्या धाकातला. मरायला तयार झाला, पण थांबला नाही. मी चाखून आणखी काय सांगणार?" तिने डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं. "हात बसला, पोरी."

सूनबाई रडली का, ते मी सांगणार नाही. आत्याने दोरी उचलली, गाठ ओढून पाहिली, दोनदा ओढली. "ही सुटत नाही?"

"दातांनीसुद्धा नाही," मी म्हटलं.

"तू गप्प रहा. पोरी, मला शिकव ही."

त्या दोघी डोकं खाली घालून गाठ मारायला बसल्या, आणि माझी बायको बाजूला तशीच उभी. तिच्या तोंडावर काय होतं ते मला माहीत आहे, मी ते चाळीस वर्षं बघतोय. शेवटी तिने विचारलंच. "आत्याबाई, आणि माझा?"

आत्याने मान वर केली नाही. "तुझी कोणी चोरली नव्हती गं."

मला राहवलं नाही. "चोरली होती," मी म्हणालो. "मीच. चाळीस वर्षांपूर्वी. आत्याकडे नेण्याआधी. चांगली चांगली वेचून चार खाल्ली, आणि उरलेली कच्ची तेवढी आत्याला मिळाली. म्हणून तो निकाल तसा आला."

आत्या थांबली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सुनेने पाहिलं, मग हळूच चेहरा फिरवला.

"थापा," बायको म्हणाली.

पण परतीच्या रिक्षात ती माझ्या बाजूला बसली, आणि बोळिंजपर्यंत दोनदा विचारलं, "खरंच चार?"

पुढच्या आठवड्यात नवीन राजेळी सोलायला मला बसवलं. तोंडाला मास्क, हातात प्रयोगशाळेचे निळे मोजे, आणि समोर पहारा द्यायला मित्र, कुंपणातून. आठ दिवसांनी या वेळच्या जुड्या बायकोने स्वतः बांधल्या, कडब्याच्या गाठीने. चाळीस वर्षांपूर्वीची ती चार सुकेळी मी खरंच खाल्ली होती का, हे सांगायला आता ना डबा उरलाय, ना दोरी. मी विचारलं तर सून म्हणते, "बाबा, अशा वेळी आम्ही हात वर करतो."